स्पिराची आरती

सिनेमात किंवा व्हिडिओ गेममधे 'फार जुना धर्म' दाखवायचा असेल तर एक ठरलेली युक्ती आहे. मोठा कोरस घ्यायचा, त्याला कोणालाच न कळणारी भाषा द्यायची, मागे ढोल लावायचे आणि आवाज इतका घुमवायचा की आपण गुहेत उभे आहोत असं वाटलं पाहिजे. झाला धर्म तयार. देव कोण, भक्त कोण, हे गाणं कधी म्हणतात, कोणाला येतं आणि कोणाला येत नाही याची चौकशी कोणी करत नाही. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा आला की काम झालं.

मला या प्रकाराचा राग आहे असं नाही. सबमिशनच्या आदल्या रात्री असलंच काहीतरी कानात लावून आपण सगळे जर्नल्स पूर्ण करतो. पण याला भक्तिसंगीत म्हणायला माझी तयारी नाही. का नाही ते सांगायचं तर मला एका गेमची गोष्ट सांगावी लागेल. (गेम आणि भक्ती? मुलगी आणि गेम? हे दोन्ही प्रश्न मेसमधे विचारून झालेले आहेत, तेव्हा पुढे जाऊया.)

आधी नेहमीची उदाहरणं. १९९९ च्या 'स्टार वॉर्स : द फँटम मेनेस'मधे शेवटच्या तलवारबाजीला जो कोरस वाजतो, त्या 'ड्युएल ऑफ द फेट्स'चे शब्द संस्कृत आहेत. खोटं वाटेल, पण आहेत. झाडांच्या लढाईवरची एक मध्ययुगीन वेल्श कविता, तिचं रॉबर्ट ग्रेव्ह्जने केलेलं इंग्रजी रूप, त्यातल्या काही ओळी जॉन विल्यम्सने उचलल्या, वेगवेगळ्या भाषांत त्यांची भाषांतरं करून घेतली आणि संस्कृतातले स्वर कोरसला चांगले वाटले म्हणून संस्कृत ठेवलं. मग शब्द सुरात बसतील तसे लावले. शाळेतल्या संस्कृतच्या बाईंना ऐकवलं तर त्या अजून विभक्ती शोधत बसतील. २००३ च्या 'मॅट्रिक्स रेव्होल्यूशन्स'मधे निओ आणि स्मिथ भर पावसात एकमेकांना बुकलत असतात तेव्हा मागे बृहदारण्यक उपनिषदातली ती अंधाराकडून उजेडाकडे नेण्याची प्रार्थना चालू असते, जी आपल्याकडे कित्येक शाळांत पहिल्या तासाआधी म्हणतात. आणि 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' या २००४ च्या मालिकेच्या शीर्षकसंगीतात तर चक्क गायत्री मंत्र आहे. त्या मालिकेतली माणसं झ्यूस आणि अथीनाची पूजा करतात. मग गायत्री कोण म्हणतंय आणि कोणासाठी, ते विचारायचं नाही.

या तिन्ही ठिकाणी संस्कृत ही भाषा नाही, ते एक वाद्य आहे. बाहेरच्या माणसाला त्यातला गूढपणा आवडतो. आपल्याला मात्र मधेच एखादा ओळखीचा शब्द कानावर पडतो आणि लढाई ऐन रंगात आलेली असताना आजीच्या देवघरातल्या उदबत्तीचा वास येतो. मी थिएटरमधे कधीही हसेन अशी भीती असते.

गेम्समधेही हेच. २००१ च्या 'हेलो'ची सुरुवात मठातल्या साधूंसारख्या गंभीर आलापाने होते. त्यात शब्दच नाहीत, नुसते स्वर आहेत. सुंदर आहे, वादच नाही. २०११ च्या 'स्कायरिम'साठी ड्रॅगनची भाषा बनवली आणि तीसएक गायकांचे आवाज तीनदा एकमेकांवर चढवून नव्वद जण गात असल्याचा भास निर्माण केला. तेही सुंदर आहे. पण दोन्हीकडे माझा प्रश्न तोच. हे गातंय कोण? त्या जगातला कुठला माणूस, कुठल्या वेळी, कशासाठी? उत्तर बहुतेक वेळा असं की कोणीच नाही, ते आपल्यासाठी वाजतंय.

एक सन्माननीय अपवाद टोल्किनचा. त्याच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधे एल्फ लोक एल्बेरेथ नावाच्या देवतेचं स्तोत्र म्हणतात. चालता चालता म्हणतात, रात्री जंगलात म्हणतात, आणि हॉबिट ते लपून ऐकतात. पुढे पुस्तकात खूप नंतर तो साधा माळी सॅम राक्षसी कोळिणीसमोर एकटा उभा असतो आणि त्याच्या तोंडातून त्याच देवतेचा धावा बाहेर पडतो, त्याला स्वतःला येत नसलेल्या भाषेत. अर्थ माहीत नाही, पण ऐकलेलं आहे आणि वेळ आलेली आहे. मला हा प्रसंग फार खरा वाटतो. टोल्किन स्वतः श्रद्धाळू कॅथलिक होता, चर्चमधलं लॅटिन त्याच्या कानात लहानपणापासून मुरलेलं होतं. डोनाल्ड स्वान नावाच्या संगीतकाराने त्याच्या कवितांना चाली लावल्या (ते पुस्तक १९६७ साली निघालं), तेव्हा 'नामारिए' या एल्फ भाषेतल्या कवितेची चाल टोल्किनला पटली नाही. त्याने स्वतः ग्रेगोरियन पठणासारखी चाल गुणगुणून दाखवली आणि स्वानने तीच घेतली. म्हणजे माणसाने भाषा बनवली, कविता केली आणि चालही मनात ठेवली होती. असो. टोल्किनवर आपल्या मॅगझिनमधे बरेच जण लिहितात, मी माझ्या विषयाकडे येते.

'फायनल फँटसी टेन' हा जपानी गेम २००१ साली प्लेस्टेशन टूवर आला. २०१६ पासून तो कॉम्प्युटरवर मिळतो, त्यामुळे आपल्या साध्या लॅपटॉपवरही चालतो. यापुढे त्याची बरीचशी गोष्ट फुटणार आहे. ज्यांना खेळायचाय त्यांनी हे पान दुमडून ठेवावं आणि पीएलमधे खेळून मग वाचावं.

स्पिरा नावाचं एक जग आहे. तिथे सिन नावाचा डोंगराएवढा राक्षस समुद्रातून येतो आणि गावंच्या गावं पुसून टाकतो. लोकांचा धर्म आहे येव्हन. तो सांगतो की सिन ही आपल्या पापांची शिक्षा आहे, यंत्रं वापरू नका, प्रायश्चित्त घ्या. समनर म्हणजे आवाहन करणारे यात्रेकरू देवळादेवळांतून प्रार्थना करत जातात आणि शेवटी स्वतःचा जीव देऊन सिनला मारतात. मग थोडी वर्षं शांतता. मग सिन परत. असं हजार वर्षं चाललंय.

प्रत्येक देवळाच्या गाभाऱ्यात जमिनीत एक मूर्ती असते. तिला फेथ म्हणतात. हे पूर्वी माणसं होते, ज्यांनी स्वखुशीने आपला जीव त्या दगडात बंद करून घेतला. आणि ते गातात. सगळीकडे एकच गाणं, 'हिम ऑफ द फेथ', जपानीत नुसतं 'प्रार्थनेचं गाणं'. गाणं एवढंसं आहे. चार छोट्या ओळी आणि मग दोन. वाद्य नाही, ढोल नाही. पहिल्या देवळात, बेसेड बेटावर, एका मुलीचा आवाज. दुसऱ्या देवळात, किलिकाला, खर्जातला पुरुषी आवाज. बेव्हेलला एक लहान मुलगा. एका लपलेल्या देवळात तीन बहिणी एकत्र. एका बुडालेल्या, पडक्या देवळात एक आई, तिची गोष्ट इतकी वाईट आहे की ती मी इथे सांगत नाही. चाल तीच, शब्द तेच, गळा वेगळा.

नोबुओ उएमात्सु, मासाशी हामाउझु आणि जुन्या नाकानो अशा तिघांनी मिळून या गेमचं संगीत केलंय. पैशाने त्यांना शंभर माणसांचा कोरस परवडला नसता असं नाही. पण त्यांनी एकेकटे आवाज ठेवले, आणि त्यामुळे पाच-सहा तास खेळून झाल्यावर असं होतं की नवीन देवळाची पायरी चढताना आपण कान देतो. इथे कोण गात असेल? हा प्रश्न मला 'स्कायरिम'मधे कधी पडला नाही.

पण खरी कमाल या गाण्याला दिलेल्या इतिहासाची आहे. गेममधे मेचेन नावाचा एक म्हातारा भेटतो, तुम्ही थांबलात तर तो लांबलचक माहिती सांगतो (बहुतेक लोक बटण दाबून पळतात, आपल्याकडच्या काही लेक्चर्ससारखं). त्याच्याकडून कळतं की हे गाणं मुळात येव्हन धर्माचं नाहीच. हजार वर्षांपूर्वी बेव्हेल आणि झानारकंद या दोन शहरांचं युद्ध झालं, आणि हे गाणं झानारकंदचं. बेव्हेलला विरोध करणारे ते म्हणायचे. म्हणून देवळाने त्याच्यावर बंदी घातली. बंदी टिकेना. तेव्हा देवळाने काय केलं? तेच गाणं आपलं म्हणून जाहीर केलं. मृतांच्या आत्म्यांना शांती देणारं पवित्र गीत, असा त्याचा नवीन अर्थ लावला. बंडाचं गाणं आरती झालं.

हे वाचताना चोखोबांची आठवण न येणारा मराठी माणूस विरळा. ज्यांना विठ्ठलाच्या देवळात पाऊल टाकू दिलं नाही, ज्यांची समाधी आजही नामदेव पायरीपाशी, दाराबाहेर आहे, त्यांचे अभंग वारीत सगळे गातात. आणि देऊळ सर्वांना उघडायला १९४७ साली साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं. म्हणजे अभंगाने उंबरठा ओलांडला आणि ज्या लोकांचा तो अभंग, ते सहाशे वर्षं बाहेरच. गेम बनवणाऱ्यांना चोखोबा माहीत असायचं काही कारण नाही. पण धर्माची सत्ता आणि धर्माचं गाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि गाणं सत्तेपेक्षा जास्त लांब जातं, हे त्यांनी बरोबर ओळखलंय.

गेममधे पुढे त्याचे दोन प्रसंग येतात. अल बेद नावाची एक जमात आहे. ते यंत्रं वापरतात म्हणून येव्हनचे लोक त्यांना पापी समजतात, वाळीत टाकतात. त्यांचं वाळवंटातलं गाव हल्ल्यात जातं आणि उरलेलं गाव त्यांना स्वतःच्याच हाताने उडवून द्यावं लागतं. त्या वेळी जहाजात ते हेच गाणं गातात. देवळात ज्यांना जागा नाही ते लोक, देवळाचं गाणं. की मुळात त्यांचंच? आणि दुसरा प्रसंग म्हणजे नायिका युना हिला धर्मद्रोही ठरवल्यावर ती पवित्र पर्वताच्या पायथ्याशी पोहोचते. तिथे रॉन्सो नावाचे सिंहासारखे धिप्पाड लोक राहतात, धर्माचे पक्के. ते आधी वाट अडवतात, मग सोडतात, आणि तिच्या मागे उभं राहून तेच गाणं गातात. जाडेभरडे, घोगरे आवाज. ज्यांना सूर जमत नाही असे लोक मनापासून गातात तेव्हा जसं वाटतं तसं वाटतं.

आता इंजिनिअरिंगच्या मुलामुलींसाठी खास भाग. या गाण्याचे शब्द जपानी माणसालाही कळत नाहीत. कुठलीतरी प्राचीन भाषा वाटते. पण ते कोडं आहे. पहिल्या चार ओळींत प्रत्येकी चार अक्षरं आहेत. ती एकाखाली एक चौकटीत लिहा. चार बाय चारची मॅट्रिक्स झाली. आता ट्रान्सपोज घ्या, म्हणजे आडवं न वाचता उभं वाचा, आणि सरळ जपानी भाषेतली प्रार्थना समोर येते. पुढच्या दोन ओळींत एक अक्षर सोडून एक असं दोन वाक्प्रचारांचं विणकाम आहे, ते सोडवायचं. रोमन लिपीत लिहून हे करायला गेलात तर डोकं फिरेल, कारण तिथे अक्षरांची लांबी जुळत नाही. देवनागरीत चौकट करा, व्यवस्थित जमतं. जपानी लिपी आणि आपली लिपी दोन्ही अक्षराअक्षराने चालतात, त्याचा फायदा. मी एम-थ्रीच्या वहीच्या शेवटच्या पानावर करून बघितलंय.

आणि त्या कोड्याच्या आत काय आहे? साधारण अर्थ असा की हे येव्हन, प्रार्थना कर; हे फेथ, स्वप्न पाहा; आणि अखंड भरभराट होवो. आता गोष्टीचं गुपित असं की हा येव्हन म्हणजे झानारकंदचा जुना राजा, आणि सिनच्या पोटात बसून सिनला पुन्हा पुन्हा जिवंत करणारा तोच आहे. म्हणजे स्पिराचे लोक हजार वर्षं रोज ज्याच्यामुळे मरतायत त्याचीच भरभराट मागतायत. आईवडिलांच्या प्रेतापाशी उभं राहून मागतायत. कारण कोणी ते गाणं कधी उभं वाचलंच नाही.

इथे माझ्या म्हणण्याला सगळ्यात मोठा धक्का बसतो, तो मी टाळणार नाही. अर्थ न कळता म्हणण्याचा धोका यापेक्षा स्पष्ट कोणी दाखवलेला नाही. रूममेटचं मत असं की मग संपलाच प्रश्न, न कळणारं म्हणूच नये. तिचं मत सोपं आहे आणि ती ते दर गणपतीला सांगते.

माझं मत वेगळं आहे. मी दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमधे होते. रोज सकाळी चॅपलसमोर उभं राहून इंग्लिश हिम्स म्हणायचो, आणि पहिली-दुसरीत त्यातलं इंग्लिश आम्हाला जपानीइतकंच कळायचं. घरी गेल्यावर संध्याकाळी आजी रामरक्षा म्हणायला बसवायची. तेही तसंच. दोन्ही पाठ झाले. पुढे सातवी-आठवीत कधीतरी एकेक शब्द उलगडत गेला. काही पटले, काही नाही पटले, एक हिम तर मी मुद्दाम ओठ मिटून उभी राहून गाळायला लागले. पण गाळायला सुद्धा ते आधी तोंडात असावं लागतं. ज्यांनी कधी म्हटलंच नाही त्यांना भांडायला काही शिल्लक नसतं. स्पिराच्या लोकांनी गाणं जिवंत ठेवलं म्हणून तर कोणीतरी ते कधीतरी उभं वाचू शकेल.

एका बाबतीत मात्र मला या गेमचं पटत नाही. हजार वर्षं झाली, किती बेटं, किती जमाती, अल बेदांची तर भाषाच वेगळी, तरी गाण्याचं एक अक्षर बदललेलं नाही. हे शक्य आहे का? आपल्याकडे एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत जाईपर्यंत आरतीतल्या 'फणिवर'चं 'फळीवर' होतं आणि 'संकटी'चं 'संकष्टी'. माणसं चुकतात, आणि चुकलेलं पुढच्या पिढीला शिकवतात.

एक अक्षरही न बदलता गाणं टिकवायचं असेल तर त्यासाठी यंत्रणा लागते, आणि अशी यंत्रणा खरोखर अस्तित्वात आहे. वेदपठणात नुसता मंत्र पाठ करत नाहीत. पदं सुटी करून म्हणतात, जोड्या लावून म्हणतात, उलटी म्हणतात. जटापाठात दोन पदं घेऊन एक-दोन, दोन-एक, एक-दोन असं म्हणायचं आणि पुढच्या जोडीकडे जायचं. घनपाठात एक-दोन, दोन-एक, एक-दोन-तीन, तीन-दोन-एक, एक-दोन-तीन. डिजिटल कम्युनिकेशनमधे आपण जे एरर डिटेक्शन शिकतो, बिट्स मुद्दाम जास्तीचे पाठवायचे म्हणजे चूक सापडते, तेच हे, फक्त कॉपर वायरऐवजी माणसाची स्मरणशक्ती. युनेस्कोने २००३ साली वैदिक पठणाला मानवजातीचा वारसा म्हणून जाहीर केलं ते उगीच नाही.

पण या यंत्रणेची किंमत पण बघा. ती चालवायला लहानपणापासून अनेक वर्षं द्यावी लागतात, आणि शतकानुशतकं ती फार थोड्या घरांतल्या फक्त मुलग्यांनाच मिळाली. मी त्या काळात जन्मले असते तर मला ऐकायलाही मनाई होती. उलट आरती कोणीही म्हणावी, कशीही म्हणावी. 'घालीन लोटांगण' घ्या. पहिलं कडवं मराठी, मग एकदम संस्कृत सुरू होतं, त्यातलं एक कडवं भागवतातलं, एक अच्युताष्टकातलं, शेवटी नाममंत्र. कोणी एकाने बसून असं रचलेलं नाही, म्हणणाऱ्यांनी जोडत नेलंय, गोधडीसारखं. म्हणजे दोन रस्ते आहेत. पाठ शुद्ध ठेवायचा तर तोंडं कमी करावी लागतात. तोंडं वाढवायची तर 'फळीवर' सहन करावं लागतं. 'फायनल फँटसी'ने दोन्ही एकदम मिळतं असं दाखवलंय, शुद्ध पाठ आणि सगळ्यांची तोंडं, ती मला त्या गेममधली सगळ्यात मोठी कल्पनारम्य गोष्ट वाटते. राक्षस आणि उडती जहाजं त्यामानाने पटण्यासारखी आहेत.

मला निवडायला सांगितलं तर मी तोंडं निवडेन. गेमसुद्धा शेवटी तेच निवडतो. नायक टीडस याचा बाप जेक्ट घरी हेच गाणं गुणगुणायचा. बेसूर, दारूच्या नादात, देवाबिवाचा काही संबंध नाही. पुढे तोच जेक्ट सिन होतो (कसा ते सांगायला दोन पानं लागतील). आणि मुलाच्या लक्षात येतं की सिनला हे गाणं ऐकू गेलं तर तो थांबतो, कारण आत कुठेतरी बाप आहे आणि त्याला ते आवडायचं. मग गावोगावी निरोप जातात की आकाशातल्या जहाजातून गाणं ऐकू आलं की तुम्ही जिथे असाल तिथे म्हणायचं. आणि सगळं स्पिरा म्हणतं. देवळातले, वाळीत टाकलेले, मासे पकडणारे, सगळे. सिन शांत होतो. शब्दांच्या अर्थाने नाही, त्या अर्थाने तर तो आणखी फुगायला हवा होता! एका बापाच्या गुणगुणण्याच्या सवयीने तो शांत होतो. हजार वर्षांच्या गाण्यात शेवटी जे कामाला आलं ते एका घरातलं होतं.

आता हे सगळं मी मराठी विभागात का लिहितेय? कारण मागच्या गणपतीत आमच्या हॉस्टेलवर आरती झाली ती ब्लूटूथ स्पीकरवर. फोनवर एक व्हिडिओ लावला, त्यात कोरस, पखवाज, आवाज असा घुमवलेला की गुहेत उभं असल्यासारखं, आणि आम्ही चाळीसएक जणी हात जोडून ऐकत उभ्या. टाळ्यासुद्धा अर्ध्याच वाजत होत्या. मधेच जाहिरात लागली. कोणीतरी धावत जाऊन ती स्किप केली आणि बाप्पासमोर पाच सेकंद कुठल्यातरी लोन अॅपचं जिंगल वाजलं ते वाजलंच. पाचव्या दिवशी तर व्हिडिओ लावून तिघीच थांबल्या, बाकीच्या मेसच्या रांगेत, कारण आरती 'चालू होती'.

कारण विचारलं तर सगळ्यांचं एकच. आम्हाला येत नाही. आपल्याकडे नांदेडपासून सावंतवाडीपर्यंतच्या मुली आहेत, काही मराठी नसलेल्या आहेत, काही माझ्यासारख्या इंग्लिश मीडियमच्या. प्रत्येकीच्या घरची चाल वेगळी, कडव्यांचा क्रम वेगळा. चुकलं तर हसतील. व्हिडिओतली बाई चुकत नाही. हे मला समजतं, आणि तरीही मला वाटतं की जी गोष्ट 'हेलो'मधे आणि 'बॅटलस्टार'मधे खटकते, कोणीच गात नाही आणि तरी भक्तीचा आवाज येतोय, ती आपण स्वतःच्या हॉस्टेलच्या टीव्ही रूममधे तयार करून ठेवलीये. तिथे ती खटकत नाही याचं मला आश्चर्य वाटतं. ज्या मुली मराठी नाहीत त्या तर मला वाटतं आपल्यापेक्षा लवकर शिकतील. अल बेदांना कोणी शिकवलं होतं?

रेक्टर मॅडमना स्पीकर सोयीचा वाटतो कारण वेळ नक्की असतो, साडेसात ते सात चाळीस. हे खरं आहे. स्वतः म्हटली तर अर्धा तास लागेल, कोणीतरी सुखकर्ताच्या दुसऱ्या कडव्यावर अडकेल, मंत्रपुष्पांजलीला तर सगळ्या पहिल्या ओळीनंतर नुसतं गुणगुणतील आणि शेवटी एकदम जोरात येतील. त्यात राज्यांचे प्रकार मोजलेत आणि समुद्रापर्यंतच्या पृथ्वीवर एकछत्री सत्ता मागितलीये हे कळल्यावर रूममेट म्हणाली, बघ, हे तर स्पिरासारखंच झालं. असेल. मग ते मेसच्या बोर्डावर अर्थासकट लावूया, उभं-आडवं सगळं वाचूया, ज्यांना नाही पटणार त्या ओठ मिटून उभ्या राहतील.

सेकंड इयरच्या दोघीतिघींशी बोलणं झालंय. आरत्यांचे कागद झेरॉक्स करून ठेवायचे, देवनागरीत, मोठ्या अक्षरात, आणि ज्यांना लिपी येत नाही त्यांच्या शेजारी येणारी उभी करायची. स्पीकर त्या दहा दिवसांत टीव्ही रूममधे आणायचा नाही, यासाठी रेक्टर मॅडमना अर्ज द्यायचाय, सह्या चालू आहेत, कागद ग्राउंड फ्लोअरच्या सूचना फलकाखाली आहे. टाळांच्या दोन जोड्या स्टोअर रूममधे सापडल्यात. एकीची दोरी तुटलीये, ती बांधायला हवी.